स्टिग्माला 'कलंक' म्हणायचं का?

वाचनवेडी:
ब्राझीलमधलं कुष्ठरोगावरचं पत्रक मराठीत करतेय, पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्ही प्रती समोर आहेत. इंग्रजीत सोशल स्टिग्मा, पोर्तुगीजमध्ये एस्तिग्मा. मी सरळ 'सामाजिक कलंक' लिहून टाकलं आणि मग खटकतच राहिलं. कलंक लागतो तो आपल्या हातून काहीतरी वाईट घडलं म्हणून, कुळाला कलंक वगैरे. स्टिग्मा मूळचा ग्रीक, गुलामाच्या, गुन्हेगाराच्या अंगावर टोचून किंवा डागून केलेली खूण, म्हणजे ती दुसऱ्याने केलेली असते. पोर्तुगीजमध्ये शब्द अजून जखमेजवळ आहे, संत फ्रान्सिसच्या अंगावर उमटलेल्या, क्रुसावरच्या ख्रिस्तासारख्या जखमा त्या एस्तिग्मासच. इंग्रजीने त्या जखमांना स्टिग्माटा हे वेगळं रूप ठेवलं आणि नुसता स्टिग्मा कोरडा पडला. मग मराठीत 'डाग' का नको?

पणजीकर:
नाही पटलं. ख्रिस्ताच्या पाच जखमांना पोर्तुगीज माणूस शागास म्हणतो, त्यांच्या झेंड्यावरच्या पाच निळ्या ढाली म्हणजे त्याच जखमा असं परंपरेने सांगतात. एस्तिग्मा तसा पुस्तकीच, बोलताना लोक प्रेकॉन्सेइतो म्हणतात, म्हणजे आपला पूर्वग्रह. आणि चारित्र्यावर डाग म्हणजे तरी काय, कलंकच ना?

रानवारा:
शब्द बदलून काय होतं हो? ब्राझीलने १९९५ मध्ये कायदा करून सरकारी कागदांतून 'लेप्रा' काढला आणि 'हान्सेनियाझे' आणला, १८७३ मध्ये जंतू शोधणाऱ्या नॉर्वेच्या हान्सेनच्या नावावरून. आपणही महारोग सोडून कुष्ठरोग म्हणायला लागलो. माझी मामी औषधं पूर्ण घेऊन बरी झाली, पण तिचा कान तुटलेला कप अजून मोरीच्या खिडकीत उपडा असतो, बाकीच्या कपांत नाही.

वाचनवेडी:
अहो पण तो कप तिथे ठेवला कोणी? मामींनी नाही ना! कलंक लिहिलं की दोष मामींच्या गळ्यात पडतो, माझं भांडण एवढ्यासाठीच आहे. ब्राझीलमध्ये रोग्यांना घरातून उचलून सक्तीने वसाहतींत ठेवायचे, २००७ मध्ये सरकारने त्यांना आयुष्यभराची पेन्शन लागू केली, म्हणजे हे आपण केलं हे कागदावर आलं. पणजीकर, चारित्र्यावरच्या डागाचं मान्य, पण बैलाला डाग देतात तेव्हा डागणारा समोर दिसतो. वाक्य असं केलंय: 'पूर्ण बरं झालेल्या माणसालाही लोक डाग देतात.'

पणजीकर:
वाक्यात 'लोक' आले हे चांगलं झालं. शीर्षकात मात्र मी कलंकच ठेवीन, पत्रक हातात घेणाऱ्याला विषय लगेच कळायला हवा.

रानवारा:
शीर्षकातही नको. मामी वाचेल ते.