सेव्हिलची कडू संत्री: ठेवावीत की काढावीत?

दक्षिणवारी: स्पेनमधल्या सेव्हिलच्या रस्त्यांवर संत्र्याची ४० हजारांहून जास्त झाडं आहेत आणि त्यांचं फळ तोंडात धरवत नाही इतकं कडू. हिवाळ्यात फुटपाथवर खच पडतो, पायाखाली चेंगरून चिकचिक होते, म्हातारी माणसं घसरतात. पालिकेची माणसं फळं झाडून गोळा करत फिरतात. माझं मत स्पष्ट आहे: जुनं झाड गेलं की त्या जागी पुन्हा कडू संत्रं लावू नये. सावली देणारी दुसरी झाडं आहेत की!

वरूडकर बागायतदार: अजिबात पटलं नाही. फळ कडू आहे म्हणून झाडाला कुणी हात लावत नाही. गोड संत्री लावली तर फांद्या मोडायला किती वेळ लागेल? शिवाय झाडाची जात बघा. आम्ही जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपावर (खुंटावर) नागपुरी संत्र्याचे डोळे बांधतो, म्हणजे कलम करतो, आणि पाऊस लांबला की डिंक्यानं, म्हणजे खोड-मुळं कुजवून डिंक गाळणाऱ्या रोगानं, झाडं बसतात. कडू संत्र्याचं मूळ डिंक्याला सहसा बळी पडत नाही. फरशीत कोंडलेल्या वीतभर आळ्यात, ४० अंशांच्या वरच्या उन्हात बारमाही हिरवं राहणारं झाड सहजी मिळत नसतं.

दक्षिणवारी: झाड चिवट आहे, मान्य. फळाचं काय? मार्मलेडचं, म्हणजे कडू संत्र्याच्या मुरंब्याचं, नाव सगळे काढतात, पण दिवसभर गाड्यांचा धूर खाल्लेलं फळ मी तरी घरात शिजवणार नाही.

मोगरा: मार्मलेड सोडा. २०२१ मध्ये तिथल्या एमासेसा या पालिकेच्या पाणी कंपनीनं ३५ टन फळांवर प्रयोग हाती घेतला. रस आंबवून मिथेन, त्यावर जनित्र, ती वीज जलशुद्धीकरणाला आणि सालींचं खत. आणि वसंतात अख्खं शहर त्या पांढऱ्या फुलांनी घमघमतं, ते तुमच्या हिशेबात कुठेच नाही! तिथल्या कॅथीड्रलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, अंगणात, जे मुळात बाराव्या शतकातल्या मशिदीचं अंगण, विटांचे पाट एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी नेतात. असं शहर एका झाडाभोवती वाढलेलं असतं.

दक्षिणवारी: अंगणाला हात लावा असं मी म्हटलेलंच नाही. पण शहरात दर हंगामाला लाखो किलो फळ पडतं, तिथे ३५ टन म्हणजे किती? बसथांबे, दवाखान्यांची दारं, अरुंद गल्ल्या, एवढ्या जागा तरी मोकळ्या करा.

वरूडकर बागायतदार: त्या जागांपुरतं बरोबर आहे. पण तिथेही फळ गळायच्या आत उतरवून घ्या. तोडणी वेळेवर झाली नाही, त्याची शिक्षा झाडाला कशाला?