चेकपॉइंटला मराठीत काय म्हणावं?

मसुदाकार: सोलापुरातल्या एका औषधचाचणीचं संमतीपत्रक मराठीत तपासतोय. औषध म्हणजे पीडी-१ ला (टी-पेशी या प्रतिकारपेशींवरच्या प्रथिनाला) चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन). 'इम्यून चेकपॉइंट इनहिबिटर'चं भाषांतर आलंय 'प्रतिकारशक्ती तपासणीनाका अवरोधक'. वाचणाऱ्याला वाटणार, औषध प्रतिकारशक्तीच अडवतं. घडतं नेमकं उलटं. शब्द सुचवा.

ताणाबाणा: नाका नकोच. जुना बोरामणी नाका नावाला आहे, तिथे आता कोण कुणाला अडवतं? यंत्रमाग बघा. बाण्याचं सूत तुटलं की माग थांबवणारा काटा असतो. टी-पेशीवरचा पीडी-१ म्हणजे तो काटा. कर्कपेशी स्वतःच्या पीडी-एल१ या प्रथिनाने तो दाबते. सूत शाबूत, तरी माग बंद. औषध आधीच पीडी-१ वर बसतं, मग तिला दाबायला जागाच उरत नाही. 'थांबकाटा' म्हणा.

देवभाषी: बोजड नको, पण बोलीही नको. 'निरोधबिंदू'.

कोशकीडा: ते प्रथिन आहे, बिंदू कसला? 'प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारं औषध' लिहा. सैल लगामाचा धोकाही त्यात आपसूक येतो: आतडं, फुप्फुस, थायरॉईड, प्रतिकारशक्ती कुठेही उधळते. म्हणूनच 'जुलाब झाल्यास' यापुढे 'मेडिकलमधली गोळी घेऊन थांबवू नका, त्याच दिवशी कळवा' हवं. ती आतड्याची सूज असू शकते, तिला स्टिरॉइड लागतं.

देवभाषी: लगाम फारसी आहे.

कोशकीडा: कागदही. संमतीपत्रक भूर्जपत्रावर छापू?

देवभाषी: छापा, पण अँटिबॉडीला तरी 'प्रतिपिंड' म्हणा.

ताणाबाणा: 'रुग्णास प्रतिपिंड दिले जाईल' वाचून नातेवाईक भटजींना फोन लावतील. 'प्रतिद्रव्य' बरं.

सलाईनस्टँड: त्याहून घातक शब्द परिचारिकांच्या पानावर असतो: 'कुपी हलवू नये'. म्हणजे फ्रिजमधून काढायचीच नाही? मूळ अर्थ, जोरात हिंदकळवू नये. फेस येतो, प्रथिनाच्या गुठळ्या होतात. पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच औषधाचं घ्या. १०० मिग्रॅची कुपी ४ मिलीची. २०० मिग्रॅसाठी दोन कुप्यांतलं ८ मिली सलाईनच्या पिशवीत सोडायचं, पिशवी अलगद उलटीसुलटी करायची, नळीत गाळणी लावून ३० मिनिटांत द्यायचं.

देवभाषी: 'हिंदकळणे' अकर्मक आहे. 'हिंदकळवणे' कोशात दाखवा.

कोशकीडा: 'घुसळू नये' चालेल?

ताणाबाणा: घुसळायला रवी लागते.

मसुदाकार: आणि चेकपॉइंट?