ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलची पहिली ग्रॅव्हल सायकल (खडी-कच्च्या रस्त्यांसाठीची), बजेट 50 हजार

प्रश्न (जालना): खडीचे शेतरस्ते, उखडलेलं डांबर, कधीमधी दौलताबाद-खुलताबादचा चढ. वजन 78 किलो. घेताना काय बघू?

उत्तर: गिअरच्या आधी टायरची जागा बघा. 40 एमएम टायर बसून दोन्हीकडं 6 एमएम तरी मोकळं राहायला हवं. ओली काळी माती चाकाला थापल्यासारखी बसते. फट कमी असली की फोर्कपाशी (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापाशी) चाक जाम होतं, रंगही खरवडतो. (पाऊस उघडल्यावर दोन दिवस त्या वाटेला जाऊच नका, ते वेगळं.) गिअर शिमानो कंपनीचे क्लॅरिस, मागं 8 चकत्यांचे (8 स्पीड), पुरे. पुढं पेडलपाशी 50 आणि 34 दातांच्या चकत्या (50/34) असतील तर मागं 11 ते 34 दातांची कॅसेट (चकत्यांचा संच) मागा. 34 ला 34 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा. चढाला गुडघे वाचतात.

दुसरं उत्तर: बाभळीचे काटे विसरलात! रिम ट्यूबलेस-रेडी (ट्यूब न घालताही टायर चालेल अशी) घ्या. दर चाकात 60-80 मिली सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव); उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांनी तपासा, वाळतं. काटा उपटला की छिद्र खाली येईल असं चाक फिरवा. हवा ट्यूबवर 45 पीएसआयच्या आसपास, ट्यूबलेसला 35.

प्रश्नकर्ता: 8 हजार वाढवले तर हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक मिळतात. घेऊ?

उत्तर: नको भाऊ. केबलचे डिस्क घ्या, केबल कुठंही बदलून मिळते. बहुतेक स्वस्त केबल ब्रेकमध्ये चकतीच्या दोन बाजूंच्या पॅडपैकी एकच सरकतो. दुसरा, न सरकणारा, झिजला की अ‍ॅलन कीनं (षटकोनी पान्यानं) आत घ्यायचा, नाहीतर रोटर (ब्रेकची चकती) एका बाजूला वाकत राहतो. उरलेले पैसे टायरला.