एटएक्झिट लावलं म्हणजे झालं?

सह्यवारा: काल इथे एकाने लिहिलं, "एटएक्झिट लावा आणि निर्धास्त झोपा." वाचून डोक्यात तिडीक गेली. पायथनचं एटएक्झिट, म्हणजे प्रोग्रॅम संपताना आवराआवर करणारी सोय, सिगकिलला (प्रोग्रॅम जागीच मारणाऱ्या सिग्नलला) चालत नाही. सिगटर्म, म्हणजे 'आवरून थांब' असा सिग्नल, आला आणि तो पकडणारा हँडलर लावलेला नसेल, तर तेव्हाही नाही! वीज गेली तर बोलायलाच नको. प्रोग्रॅम कधीही मरणार हे धरूनच लिहा. तात्पुरत्या फाइलीत लिहा, एफसिंक करून डिस्कवर पक्कं करा, मग रीनेम करून खऱ्या फाइलीच्या जागी ठेवा. मेमरी, उघड्या फाइली, फ्लॉकचं फाइलीवरचं कुलूप हे सगळं प्रोग्रॅम मेल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सोडवतोच.

घाटमाथा: ते वाक्य माझंच. टेम्प फोल्डरमध्ये पडलेल्या फाइली कर्नल उचलतो का? सिस्टिम व्ही या जुन्या युनिक्स पद्धतीची शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसनी मिळून वापरायची) प्रोसेस गेल्यावरही तशीच राहते. माझ्या स्क्रिप्टमध्ये शेलचा, सिग्नल पकडणारा ट्रॅप नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी कंट्रोल-सी दाबून घरी गेलो, चाचणीसाठी भाड्याने घेतलेली क्लाउडची मशिनं सोमवारपर्यंत चालू. बिल साहेबांनी सगळ्यांसमोर वाचलं.

रात्रपाळी: आधी ऊठसूट किल -9 (म्हणजे सिगकिल) मारणाऱ्यांना आवरा! 15 (म्हणजे सिगटर्म) पाठवा, थांबा. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारा डॉकर मारण्याआधी 10 सेकंद देतो, असे अनेक कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीस 30.

सह्यवारा: देतो, पण तुमच्या प्रोग्रॅमला कळतं का? डॉकरफाइलमध्ये सीएमडी (सुरू करायची आज्ञा) शेलच्या रूपात लिहिलं की पीआयडी 1 वर, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस म्हणून, आज्ञा चालवणारा शेल बसतो आणि सिगटर्म पुढे देतच नाही. आम्ही दोन आठवडे हँडलरमध्ये चूक शोधत होतो. एक्झेक लिहिलं, शेलच्या जागी प्रोग्रॅम बसला, प्रश्न मिटला.

रात्रपाळी: सगळं खापर शेलवर नको. पीआयडी 1 ने हँडलर लावलेला नसेल तर सिगटर्मने काहीच होत नाही, शेल असो वा नसो. त्यासाठीच डॉकरला इनिटचा (पीआयडी 1 वर बसून सिग्नल पुढे देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) पर्याय आहे. माहीत नसताना शिकवू नका.

सह्यवारा: आमच्याकडे हँडलर होता, वर लिहिलंय. नीट वाचा.

घाटमाथा: डॉकरचं भांडण दुसरीकडे न्या. "निर्धास्त" हा शब्द मागे घेतो, तेवढाच. सुरू होताना मागचा कचरा काढा, हेही मान्य. एटएक्झिट मात्र काढणार नाही.

सह्यवारा: सुरुवातीला झाडणारच आहात, तर जातानाची झाडलोट कशाला? दोन वाटा ठेवल्या की एक न तपासलेली राहते. कँडिया आणि फॉक्स या संशोधकांनी 2003 मध्येच मांडलंय: थांबवायचं तर क्रॅशच करा, आणि उठताना सावरा.

घाटमाथा: आणि प्रोग्रॅम परत उठवलाच नाही तर? माझा सोमवारपर्यंत कुणी उठवला नव्हता.