फुटबॉल मॅनेजर: ‘अ‍ॅग्रेशन’ १७ म्हणजे चांगलं की वाईट?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मंडळी, एक शंका. फुटबॉल मॅनेजर २०२४ (टीम सांभाळायची कॉम्प्युटर गेम) खेळतोय. खालच्या डिव्हिजनची टीम, खिशात दमडी नाही. फुकटात मिळाला म्हणून एक सेंटर बॅक (बचावाच्या मधला गडी) उचलला. अ‍ॅग्रेशन २० पैकी १७. म्हटलं, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पब्लिक डोक्यावर घेईल असला गडी मिळाला. आणि हा बाबा कार्डं गोळा करत सुटलाय. काल ३८ व्या मिनिटाला पिवळं, ६१ व्या मिनिटाला दुसरं, सगळ्यांच्या आधी अंघोळीला. आकडा मोठा म्हणजे चांगला ना? मग हे काय लफडं? बाकी ब्रेव्हरी १६, टॅकलिंग ११, डिसिजन्स ८.

गंगावेशचा_बॅक

भावा, उत्तर तुझ्याच शेवटच्या ओळीत आहे.

या गेममध्ये बहुतेक आकडे जास्त तेवढे बरे. अ‍ॅग्रेशन त्यातला नाही. तो गुण नव्हे, सवय आहे. बॉल दोघांच्या मध्ये पडला की गडी अंगावर जातो की थांबतो, एवढंच तो सांगतो. गेल्यावर बॉल मिळणार की समोरच्याची नडगी, ते टॅकलिंग ठरवतं. मुळात आत्ता जायचं का, ते डिसिजन्स. दुखापतीची भीती न धरता पाय घालणं ही ब्रेव्हरी. तालमीत एखादा पोरगा सारखा पटाला झेपावतो पण पट काही निघत नाही, तसला तुझा स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅक. जातोय १७ नं, पोचतोय ११ नं, आणि कधी जायचं ते कळतंय ८ नं. रेफ्रीनं करायचं काय?

आता जी गोष्ट लोक विसरतात ती. खोडसाळपणा आणि तापटपणा यांचे आकडे गेममध्ये वेगळे आहेत आणि ते लपवलेले असतात. म्हणजे अ‍ॅग्रेशन १७ असूनही माणूस साफ खेळणारा असू शकतो, आणि ९ वाला मागून लाथ घालणारा निघू शकतो. लपलेले आकडे दाखवणारा एडिटर उघडून बघू नकोस, सगळी मजा जाते. कोचचा रिपोर्ट नीट वाच. पर्सनॅलिटीच्या जागी ‘टेंपरामेंटल’ (तापट) लिहिलं असेल तर सोडून दे त्याला, डर्बीत, म्हणजे शेजारच्या टीमबरोबरच्या मॅचला, तोंडघशी पाडणार.

मी पेठेच्या टीमकडून बॅकला खेळायचो. गॅलरीतनं एकच आवाज: ‘घाल पाय!’ गॅलरीला काय जातंय, मार्च-एप्रिलच्या वाळलेल्या ग्राउंडवर गुडघे आमचे सोलायचे. आमच्याकडचा सगळ्यात भारी स्टॉपर मात्र पाय घालायला क्वचितच खाली बसायचा. विंगर आला की अर्धं पाऊल आतल्या बाजूला उभा राहायचा, त्याला लाइनकडं ढकलत न्यायचा, आणि बॉल जरा लांब पडला की पायाच्या आतल्या बाजूनं हळूच काढून घ्यायचा. टाळ्या पडायच्या नाहीत. गोलही पडायचा नाही.

तुझ्यासाठी उपाय: त्याच्या इन्स्ट्रक्शनमध्ये ‘ईज ऑफ टॅकल्स’ (टॅकल जरा सबुरीनं) टाक. टीमला ‘गेट स्टक इन’ (सगळ्यांनी जोरात भिडा) लावलं असशील तर आधी काढ, आगीत रॉकेल आहे ते. ट्रेनिंगमध्ये टॅकलमध्ये उडी न घेण्याची सवयही शिकवता येते, पण त्याला वेळ लागतो.

उचगाव_एक्सप्रेस

हे सगळं मॅनेजरपुरतं हां. ईए कंपनीच्या फुटबॉल गेममध्ये हिशेब वेगळा. तिथं अ‍ॅग्रेशन खेळाडूच्या माहितीच्या कार्डावरच्या फिजिकलच्या आकड्यात धरतात. ताकद, स्टॅमिना, जंपिंग यांच्याबरोबर. सगळ्यात जास्त वजन ताकदीला. तिथं टॅकलचं बटण दाबणारे आपणच, त्यामुळं रेड कार्ड आपल्या बोटाचं. जास्त असलेलं केव्हाही चांगलं, खांद्याला खांदा लागला की कळतं.

नाद_खुळा_एफसी

गंगावेश, पटलं, पण म्हणून सगळे ६-७ वाले भरू नका राव. जर्मनीचा बॅक फिलिप लाम, त्याला कारकिर्दीत एकदाही रेड मिळालं नाही हे खरं, पण सगळ्यांकडं लामचं डोकं असतंय का? दुसऱ्या टोकाला स्पेनचा स्टॉपर सर्जिओ रामोस बघा. स्पेनच्या ला लिगात सगळ्यात जास्त रेड कार्डं त्याच्या नावावर, आणि रियालकडून चार चॅम्पियन्स लीगही त्याच्याच. प्रेसिंग, म्हणजे समोरच्यावर धावून जाऊन बॉल हिसकावणं, खेळायचं असेल तर पुढच्या पोरांना अ‍ॅग्रेशन १३-१४ तरी पाहिजे, नाहीतर पळत जवळ जातात आणि नुसते बघत उभे राहतात.

गंगावेशचा_बॅक

रामोसबद्दल वाद नाही. पण त्याचं टॅकलिंग ११ नव्हतं, एवढं लक्षात असू दे. प्रेसिंगचं बरोबर आहे, त्यात वर्क रेट आणि टीमवर्क जोडीला बघा. नुसतं अ‍ॅग्रेशन असलेला फॉरवर्ड एकटाच धावत सुटतो आणि मागं रान मोकळं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

रिपोर्ट बघितला. पर्सनॅलिटी ‘बॅलन्स्ड’. म्हणजे डोकं जाग्यावर आहे, नुसता उतावळा दिसतोय. ‘गेट स्टक इन’ चालू होतं, काढलं. आता विचार आहे की त्याला स्टॉपरवरनं पुढं डिफेन्सिव्ह मिडफिल्डला खेळवावं. कसं वाटतंय?

गंगावेशचा_बॅक

पासिंग किती आहे ते सांगितलं नाहीस, त्यावरनंच ओळखलं. खेळव. फाउल तेवढेच होतील, पण बॉक्सच्या बाहेर होतील. पेनल्टीपेक्षा फ्री किक परवडली.