ड्रम-डिस्क रंगवल्यापासून ८० ला स्टीअरिंग थरथरतंय, मदत हवी आहे

माहीमकर:
नमस्कार मंडळी. गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. समुद्रापासून दोन गल्ल्या आत उघड्यावर उभी असते, त्यामुळे रिमच्या फटींतून नुसता गंज दिसायचा. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, गाडी आतून सडली की तुमची!" ते जिव्हारी लागलं. दोन रविवार खर्ची घालून कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) लाल केले, ड्रम आणि डिस्कची मधली टोपी काळी. डिस्क काढलीच होती म्हणून तिच्यामागचा हबही (चाक ज्यावर बसतं तो भाग) रंगवला, रिमची आतली बाजूसुद्धा. स्प्रे उष्णता सोसणाराच होता. तीन हात दिले.

आता कोस्टल रोडवर ८० ला स्टीअरिंग थरथरतं. बोगद्यात ६० वर आलो की गायब. ब्रेकला पाय लावलेला नसतानाही होतं. बॅलन्सिंग दोनदा केलं, मशीन शून्य दाखवतं. टायरवाला म्हणतो चाकात काही दोष नाही. मग दोष कुठे आहे?

खड्डेपुराण:
डिस्क वाकली असणार. बदलून टाका, विषय संपला.

मेकॅनिकची_मुलगी:
दादा, डिस्क आत्ताच बदलू नका. ती वाकडी असती तर मुख्यतः ब्रेक मारल्यावर पायाला धडधड लागली असती. तुमचा घोळ "हबही रंगवला" या वाक्यात आहे.

हब, डिस्क आणि रिम एकमेकांना जिथे टेकतात, तिथे रंग नको. ती तोंडं धातूला धातू लागायला हवीत. हबच्या तोंडाचा व्यास साधारण १४० मिमी धरा, टायरचा ५८०. एका कडेला रंगाचा ०.१ मिमीचा गुठळा राहिला तर चाक तिरकं बसतं आणि टायरच्या कडेला तो चौपट होतो. डिस्कसुद्धा तिरकी फिरते, तिला तर काही शतांश मिमीच चालतात. असंच चालवत राहिलात तर पॅड घासून डिस्कची जाडी कमी-जास्त होईल आणि मग खड्डेपुराण यांचं म्हणणं खरं ठरेल.

बॅलन्सिंग मशीन फसवत नाही, पण ते चाक स्वतःच्या शाफ्टवर धरतं. तुमच्या हबवरचा रंग त्याला दिसणार कुठून?

याहून गंभीर गोष्ट अशी की रंग दाबाखाली बसतो आणि नट सैल पडतात. नटाच्या तिरक्या बैठकीवर रंग असेल तर आणखीच. आधी नट तपासा, तोवर हायवेला जाऊ नका.

चाक काढून हबचं तोंड बघा. जिथे रंग चकचकीत दाबला गेलाय, तिथेच ते टेकत होतं. थिनरने पुसा, उरलेलं सपाट लाकडाला पॉलिश पेपर गुंडाळून काढा. ग्राइंडर लावू नका, खळगे पडतात. डिस्कच्या दोन्ही बाजू, रिमची मागची बाजू, नटाच्या बैठका, सगळं उघडं करा. नट तिरपे आळीपाळीने कसा, शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच कसणाऱ्या पान्याने. त्या जोराचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. साधारण ८० किमी चालवून पुन्हा तपासा. आमचे बाबा मात्र दुसऱ्या दिवशीच तपासायला लावायचे.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांवर किंवा पिस्टनच्या रबरावर रंग गेलाय का? पॅड जिथे सरकतात तिथेही बघा. पॅड अडकला तर चाक तापतं.

माहीमकर:
ताई, तुमचं अगदी बरोबर निघालं. डाव्या हबवर ओघळ वाळून बसला होता, नखाला लागेल इतका. चार नटांपैकी दोन हाताच्या पान्याने सहज फिरले, अंगावर काटा आला. सगळं घासून उघडं केलं. काल रात्री वरळीहून मरीन ड्राइव्हपर्यंत ८० ला गेलो, स्टीअरिंग गप्प. एका कॅलिपरची पिनही रंगलेली सापडली, ती साफ केली.

आता एकच शंका: उघडं हब इथल्या हवेत गंजेल ना?

मेकॅनिकची_मुलगी:
गंजेल. तांब्याचं ग्रीस बोटाने पुसल्यासारखं लावा, जाड नको. डिस्कच्या घासणाऱ्या बाजूला आणि बोल्टच्या आट्यांना अजिबात लावू नका. दर टायर रोटेशनला, म्हणजे चाकांची अदलाबदल करताना, तारेच्या ब्रशने झटका. आणि रंग डिस्कच्या टोपीच्या बाहेरच्या अंगालाच ठेवा, पोराला तेवढंच दिसतं.