जुन्या फोर-बाय-फोरचा क्लच जड झालाय, गिअरबॉक्स उतरवायचा का?

प्रश्न
जुनी डिझेल फोर-बाय-फोर, हायड्रॉलिक (फ्लुइडच्या दाबाने चालणारा) क्लच. पेडल हळूहळू जड होत गेलंय. गिअर नीट पडतात, क्लच घसरत नाही. पाय काढला की पेडल वर यायलाही जरा वेळ लावतं. फ्लुइड काळपट आहे, लेव्हल बरोबर आहे. मेकॅनिक म्हणतो प्रेशर प्लेट (क्लच प्लेट स्प्रिंगने दाबून धरणारी) गेली, गिअरबॉक्स उतरवू. त्याआधी काय तपासता येईल?

उत्तर १
क्लचच्या पाइपातली एअर काढून बघा, खर्च काहीच नाही.

उत्तर २
एअर असली तर पेडल मऊ लागतं आणि गिअर टाकताना करकर होते. जड होत नाही. काळं फ्लुइड मात्र बदलाच.

खरी खूण "वर यायला वेळ" ही आहे. प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक असेल तर दाबायला जितकं जड, तितक्याच जोरात पेडल परत येतं. दाबायला जड आणि परतायला सुस्त, म्हणजे कुठेतरी घासतंय किंवा फ्लुइड अडतंय. पेडल पाच-सहा सेकंद घेऊन सावकाश दाबा. हलकं लागलं तर रबरी होज आतून फुगून बंद होत आलाय. तरीही जडच, तर घासतंय.

आता जागा शोधा. मास्टरच्या (पेडलला जोडलेला, फ्लुइड ढकलणारा सिलिंडर) पुशरॉडची पिन काढून नुसतं पेडल हलवा; बुश सुकले असतील तर इथेच कळेल. पिन परत लावा. मग स्लेव्हच्या (क्लचकडचा, त्या दाबाने सरकणारा सिलिंडर) निपलला, म्हणजे एअर काढायच्या स्क्रूला, नळी लावून तिचं टोक फ्लुइडच्या बाटलीत बुडवा, निपल उघडा आणि पेडल दाबा. पेडल वर येण्याआधी निपल बंद करायचा. उघड्या निपलवरही जड असेल तर दोष मास्टर, पाइप किंवा होजमध्ये. हलकं झालं तर स्लेव्ह किंवा त्याच्या पुढे. स्लेव्ह सुटा असताना पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर उडतो. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

उत्तर ३
मास्टर कधी बदललाय का? आकार जुळतो ना बघा. 5/8 इंचाच्या जागी 3/4 इंचाचा बसवला तर क्षेत्रफळ 1.44 पट होतं, पेडलही तितकंच जड. पण तो फरक बसवल्याच दिवशी जाणवतो, हळूहळू नाही.

प्रश्नकर्ता
मास्टर जुनाच आहे. सावकाश दाबलं तरी जड. निपल उघडल्यावर एकदम हलकं. स्लेव्ह काढला, निपल उघडा ठेवून रॉड हाताने आत ढकलला तर सहज सरकतो. फोर्क (स्लेव्ह ज्याला ढकलतो तो दांडा) मात्र हाताने हलवला तर खरखरतो, मध्येच अडतो. गाडी बऱ्याचदा पाण्यातून जाते.

उत्तर २
मग रिलीज बेअरिंग (फोर्क ढकलतो ते, क्लच सोडवणारं) ज्या नळीवर सरकतं ती गंजलीय, किंवा फोर्कचा पिव्हट (तो ज्यावर फिरतो) झिजलाय. बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) पाणी शिरलं की असंच होतं. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पण नुसती प्रेशर प्लेट बदलून पेडल पुन्हा जडच राहील.

उतरवल्यावर नळीवरून नख फिरवा. खाच लागली तर पॉलिश करत बसू नका, नळी बदला. बेअरिंग आणि पिव्हट नवे घ्या. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत आली असेल तर तीही बदला, कारण प्लेट पातळ झाली की डायफ्रामची (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची) बोटं मागे सरकतात आणि क्लच आणखी जड होतो. नळीवर उच्च तापमानाचं ग्रीस अगदी पातळ लावा, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

बेल हाउसिंगच्या तळाला पाण्यासाठीचा प्लग आहे का तेही बघून ठेवा. पाण्यात उतरण्याआधी तो लावायचा, बाहेर आल्यावर काढायचा. तसाच राहिला तर आत झिरपलेलं पाणी आणि तेल साचतं.